अध्यक्ष खवणेकरांचं शेवटचं इतिवृत्त

अध्यक्ष गेल्याची बातमी मला आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. मी ओमानमधल्या सहमच्या माझ्या दुकानात एका ठेकेदाराशी पाइपांचा भाव करत होतो. मेसेज वाचला, फोन पालथा ठेवला आणि भाव पुढे चालू केला. ठेकेदार गेल्यावर लक्षात आलं की मी भावात नेहमीपेक्षा लवकर खाली उतरलो होतो.

संध्याकाळी मंडळाचे चिटणीस देशपांडे यांचा फोन.

"तारकर, स्मरणिकेसाठी अध्यक्षांवर दोन पानं तुम्हीच लिहा. तुमच्या गावचे होते. जरा चांगलं लिहा."

"चांगलं म्हणजे कसं?"

"म्हणजे... तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय ते."

कळत होतं, म्हणूनच नाही म्हटलं. मग देशपांड्यांनी स्वतः लिहिलं. त्यात 'कुशल प्रशासक' तीनदा आलंय आणि आमच्या गावाचं नाव चुकलंय. मी आता लिहितोय ते स्मरणिकेसाठी नाही. यात मी अध्यक्षांची आरती करणार नाही, आणि जे त्यांचं आहे ते त्यांच्या पदरात टाकायला काचकूचही करणार नाही. भावात मी कितीही ओढतो, पण मापात कधी मारलेलं नाही.

वसंतराव खवणेकर आमच्या गावचे नगराध्यक्ष होते. कोकणातलं बंदराचं गाव. एसटी स्टँडपासून जेटीपर्यंत एकच रस्ता, त्याच्या मध्यावर बंदर नाका. नाक्याच्या उजव्या हाताला सात दुकानं होती आणि त्यातलं तिसरं माझ्या वडिलांचं, सायकल दुरुस्तीचं. डाव्या हाताला गावातल्या तीन मोठ्या घरांच्या दगडी भिंती. रस्ता रुंद करायचं ठरलं तेव्हा डावीकडचं घ्यायचं की उजवीकडचं, यावर नगरपरिषदेत मतं आठ विरुद्ध आठ पडली. अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत उजवीकडे टाकलं. पंधरा दिवसांनी सातही दुकानांवर लाल रंगात 'अतिक्रमण' असं लिहून गेले. वडिलांकडे नगरपरिषदेचाच परवाना होता, तो फ्रेम करून भिंतीवर लावलेला होता. भिंत पडली तेव्हा फ्रेम मी काढून आणली.

वडील नंतर दुसऱ्याच्या दुकानात बसून पंक्चर काढायचे. गावात त्यांना अतिक्रमणवाले तारकर म्हणायला लागले. ते वाईटपणानं म्हणत नसत. गावात दोन तारकर होते, ओळखायला काहीतरी हवं म्हणून. वडील त्याच नावानं गेले.

मी मुंबईत हार्डवेअरच्या दुकानात लागलो, तिथून मस्कतला, मग सहमला. नळ, पाइप, मोटारी, सगळं शिकलो. आज सालेम नावाच्या ओमानी माणसाबरोबर भागीदारीत माझं दुकान आहे. जगाकडून मला फार काही यायचं राहिलेलं नाही. एकच गोष्ट होती. शंकर तारकरांचं दुकान पाडलं ती चूक होती, हे एक वाक्य मला त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. आणि ते मला कधी मिळणार नाही असं मी धरून चाललो होतो, कारण तो माणूस गावात आणि मी समुद्राच्या या बाजूला.

मग एका शुक्रवारी तो माणूस माझ्या दुकानात नळाचा वायसर घ्यायला आला.

पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. हातात काठी, पण टेकत नव्हते, नुसती बरोबर होती. त्यांचा मुलगा निखिल जवळच्या सोहारला अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनिअर. बायको गेल्यावर त्यानं वडिलांना इकडे आणलं होतं. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त त्यांच्याकडे बघत राहिलो आणि वायसरची किंमत तिप्पट सांगितली.

त्यांनी पैसे काढून ठेवले.

माझं डोकं फिरलं. मी तिप्पट सांगितलं होतं ते त्यांनी निम्मं म्हणावं म्हणून. मग मी नाही म्हणणार, ते दारापर्यंत जाणार, तिथून वळणार. सगळी गिऱ्हाइकं वळतात. कोणी उंबऱ्यावरून, कोणी पायरीवरून, कोणी गाडीचं दार उघडून. माझा अर्धा धंदा त्या वळण्यावर चालतो. न वळणारं गिऱ्हाईक मी फार कमी पाहिलंय.

"भाव नाही केलात," मी म्हटलं.

"दुकानदारानं सांगितली ती किंमत." मग चष्म्यातून माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुम्ही शंकर तारकरांचे. बंदर नाका, तिसरं दुकान."

ते वायसर खिशात घालून, लाल पेनाच्या शेजारी, निघून गेले.

त्यानंतर ते दर पंधरा दिवसांनी यायचे. निखिल सहमला भाजी आणि मासळी घ्यायला यायचा, तेवढ्या वेळात हे माझ्या दुकानात बसायचे. मी चहा द्यायचो. का द्यायचो? गावचा माणूस. शिवाय मला वाटायचं, बसता बसता कधीतरी तो विषय निघेल. ते नगरपरिषदेच्या गोष्टी खूप सांगायचे, पण बंदर नाक्याच्या अलीकडे आले की थांबायचे, आणि पुढची गोष्ट जेटीवरून सुरू व्हायची.

त्यांची फेरी मात्र मी इथे पाहिली. गावात ते रोज सकाळी सहाला गटारांची फेरी काढायचे, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. इथेही तेच. सोहारच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर सकाळी काठी घेऊन निघायचे आणि प्रत्येक मॅनहोलच्या झाकणावर काठी आपटायचे. आवाजावरून त्यांना कळायचं, झाकण नीट बसलंय की नाही. एकदा एक झाकण अर्धं तुटलेलं सापडलं. हे त्याच्यापाशी काठी आडवी धरून उभे राहिले. सहा वाजल्यापासून. निखिल ड्यूटीवर, सूनबाई शाळेत शिकवायला. निखिलचा फोन मला आला.

मी आणि सालेम गेलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. ऊन चढलेलं. अध्यक्ष घामानं भिजलेले, आणि एका गाडीवाल्याला हातानं पलीकडून जा म्हणून सांगत होते.

"अहो, घरी चला," मी म्हटलं. "चक्कर येऊन पडाल. हे तुमचं गाव आहे का?"

"खड्डा कुणाचा आहे ते मी विचारलेलं नाही," ते म्हणाले. "उघडा आहे एवढं बघितलं."

सालेमनं मला विचारलं, हा माणूस कोण. आता मी काय सांगणार? म्हटलं, आमच्या गावच्या बलदियाचा रईस होता. बलदिया म्हणजे इकडची नगरपालिका, रईस म्हणजे अध्यक्ष. सालेमनं लगेच फोन काढला, कोणाकोणाशी बोलला, अर्ध्या तासात पिवळी गाडी आली. जाताना सालेमनं अध्यक्षांचा हात दोन्ही हातांत घेतला. तिथून पुढे ते दुकानात आले की सालेम खुर्चीवरून उठायचा. त्यांच्यासाठी वेगळा कप ठेवला. माझा अर्बाब, म्हणजे इकडचा मालक-भागीदार, माझ्या बापाचं दुकान पाडणाऱ्याला उठून जागा देतोय, हे मी बघायचो आणि पाइप मोजायचो. सालेमला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं मलाच विचारलं असतं, मग तू चहा का देतोस?

त्यांच्या घरी मी दोनदा जेवलो. जेवणाचं टेबल म्हणजे नगरपरिषद. दर गुरुवारी रात्री नातीला, ईराला, आपले विषय मांडायला लागायचे. ती इंग्रजी शाळेतली, मराठी अडखळत बोलायची.

"आजोबा, मला एक विषय मांडायचा आहे. माझा... स्क्रीन टाइम अर्धा तास जास्त."

"सूचक तू. अनुमोदक कोण?"

ईरानं आईकडे बघितलं. आई पोळी वाढत राहिली. बापाकडे बघितलं. निखिल हसून म्हणाला, "मी नाही बाई." मग तिनं माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "माझं अनुमोदन."

"पाहुण्यांना मताधिकार नाही," अध्यक्ष म्हणाले. पण तिचा विषय त्यांनी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या पाठीवर लिहून घेतला, तारीख टाकून. पुढच्या गुरुवारी तो पहिला विषय असणार होता. पोरीला त्यात राग आलेला दिसला नाही. आपलं म्हणणं कागदावर गेलं, याचं तिला समाधान होतं. माझ्या मनात आलं, सात दुकानदारांचं म्हणणं कुठल्या पानाच्या पाठीवर लिहिलं होतं कुणास ठाऊक.

कोणी कितीही तावातावानं बोललं तरी त्यांचं उत्तर एकच शब्द असायचं. "ऐकलं." 'हो' नाही, 'नाही'ही नाही. माझ्यासारख्या माणसाला असा शब्द म्हणजे चटका. नाही म्हणा, मी भांडतो. हो म्हणा, मी हात पुढे करतो. 'ऐकलं'चं मी काय करू?

मंडळानं त्यांना अध्यक्ष केलं ते देशपांड्यांच्या आग्रहामुळे. मंडळ म्हणजे सोहार, सहम आणि आजूबाजूची मराठी माणसं. कारखान्यातले पुण्या-मुंबईचे इंजिनिअर, आणि आमच्यासारखे कोकणातले फिटर, दुकानदार, स्वयंपाकी. पूर्वी सभेत सगळे एकदम बोलायचे, इंजिनिअर इंग्रजीत आणि आम्ही हिंदीत. अध्यक्ष आले आणि विषयपत्रिका आली. सात दिवस आधी लेखी दिल्याशिवाय विषय नाही. बोलायचं ते उभं राहून, खुर्चीकडे बघून. आणि खुर्चीत बसलेल्यानं बोलायचं नसतं, फक्त ऐकायचं. स्वयंपाकी परब, जो वीस वर्षांत सभेत एक शब्द बोलला नव्हता, तो पहिल्यांदा उभा राहून बोलला आणि सगळे गप्प बसून ऐकत होते. हे श्रेय त्यांचं. मला उपाध्यक्ष केलं तेही त्यांनीच सुचवून. मांडवाचे पाइप मी फुकट देतो म्हणून असेल, असं मी तेव्हा धरलं.

मग ती सभा झाली, ज्यातून सगळं सुरू झालं.

गणपती जुन्या हॉलमध्ये बसवायचा की नव्या, असा विषय होता. जुना हॉल एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर, चढायला बावीस पायऱ्या. नवा तळमजल्यावर, गार, पार्किंगसकट. अध्यक्षांचे गुडघे दुखायचे, त्या पायऱ्या त्यांना दोनदा थांबून चढायला लागायच्या. मतं चौदा विरुद्ध चौदा पडली. आम्हाला वाटलं, झालं, नवा हॉल.

त्यांनी जुन्या हॉलला मत दिलं.

देशपांडे म्हणाले, "अध्यक्ष, तुमचेच गुडघे..."

"गुडघ्यांना मताधिकार नाही." लोक हसले. मग ते म्हणाले, "मतं सारखी पडली म्हणजे सभेनं बदल मागितलेला नाही. अशा वेळी खुर्चीचं मत आहे ते राहू देण्याकडे. मोडायचं असेल तर लोकांनी मोडावं. खुर्चीनं मोडू नये."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कानात आठ विरुद्ध आठ घुमायला लागलं. मी उठून उभा राहिलो.

"आणि बंदर नाक्यावर?" मी म्हटलं. "तिथे खुर्चीनं काय केलं?"

हॉलमध्ये कोणाला काही कळलं नाही. त्यांना कळलं. त्यांनी लाल पेन उघडलं आणि बंद केलं.

"तारकर, विषय पत्रिकेवर नाही. लेखी द्या. सात दिवस आधी."

"देतो," मी म्हटलं.

देतो म्हणणं सोपं होतं. दुकानातली गिऱ्हाइकं मी बोलून गार करतो, पण कागदावर एक वाक्य उतरेना. पहिलं लिहिलं ते शिवीगाळीसारखं झालं. दुसरं रडगाण्यासारखं. वर्ष गेलं. मग कळलं की निखिलचं कंत्राट संपतंय, नव्या वर्षात सगळे परत जाणार, तो पुण्याला आणि अध्यक्ष गावी. वार्षिक सभा एकच उरली होती. त्या रात्री जेवायच्या आधी बसून मी दोन प्रश्न लिहिले आणि सकाळी देशपांड्यांच्या हातात दिले.

एक. बंदर नाका रस्त्याच्या ठरावावर मतं समान पडली असता अध्यक्षांनी दुकानं पाडण्याच्या बाजूनं मत का दिलं? दोन. समान मतांच्या वेळी खुर्चीनं मोडू नये हा नियम त्या दिवशी कुठे होता?

देशपांडे घाबरले. "हा आपल्या मंडळाचा विषय होतो का हो? गावचं गावाला." कागद त्यांनी अध्यक्षांना दाखवला, ते फेटाळतील म्हणून. अध्यक्षांनी त्यावर लाल पेनानं लिहिलं, 'विषय क्रमांक सहा', आणि परत दिला.

दुसऱ्या दिवशी निखिल दुकानात आला. एकटाच.

"काका, बाबांचं बीपी बघताय ना तुम्ही? मागे घ्या तो कागद."

"तुझ्या बाबांनी घेतलाय तो विषय. त्यांना सांग फेटाळायला."

"ते नाही फेटाळणार, तुम्हाला माहितीये. म्हणूनच दिलात." तो काउंटरवर टेकला. "काय मिळणार आहे तुम्हाला यातून?"

"तुझ्या बाबांना गावात कोणी अतिक्रमणवाले खवणेकर म्हणालं असतं, तर तू विचारलं असतंस हे?"

तो गेला. गिऱ्हाईक नव्हता, पण दारात थांबला. "आमच्या घरात बंदर नाक्याचं नाव कोणी काढत नाही," एवढंच म्हणाला.

सभेला पायऱ्या चढून ते नेहमीसारखे वेळेआधी आले. पाच विषय झाले. सहावा आला तेव्हा ते उठले आणि खुर्चीपासून बाजूला झाले.

"विषय अध्यक्षांविषयी आहे. अशा वेळी अध्यक्षानं खुर्ची सोडायची. उपाध्यक्षांनी बसायचं."

मी बसलो. बसल्यावर मला कळलं. खुर्चीत बसलेल्यानं बोलायचं नसतं. वर्षभर, नाही, सगळं आयुष्य जे बोलायचं म्हणून साठवलं होतं, ते तोंडात घेऊन मी त्या खुर्चीत बसलो होतो आणि नियम त्यांचा होता. हे त्यांनी मुद्दाम केलं की नियमानं झालं, मला आजही सांगता येत नाही. दोन्ही असेल.

देशपांड्यांनी पहिला प्रश्न वाचला. अध्यक्ष समोर, सभासदांत, परबच्या शेजारी उभे. माझ्याकडे बघून बोलायला लागले.

"डावीकडे तीन भिंती होत्या, उजवीकडे सात दुकानं. भिंती घेतल्या असत्या तर भिंतवाले कोर्टात गेले असते. रस्ता अडकला असता, आणि रस्त्याखालून जायची होती ती पाण्याची लाइन अडकली असती. गाव तेव्हा मे महिन्यात टँकरचं पाणी पीत होतं. दुकानवाले कोर्टात जाणार नव्हते. शंकर तारकर तर जाणारच नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. माझ्या सायकलचं काम ते पंधरा वर्षं करत होते. माणूस माहीत होता. म्हणून रेघ त्यांच्या बाजूनं मारली."

त्या पाण्याच्या लाइनीचं पाणी माझ्या बहिणीच्या घरी आजही येतं. ते पाणी आणूनही पुढच्या निवडणुकीत अध्यक्ष पडले, कारण ज्यांच्या भिंती वाचल्या त्यांनीच त्या रुंद रस्त्यानं दुसरा माणूस आणला. हे सगळं मला माहीत होतं. मला हेही वाटत होतं की ते हेच सांगतील, पाणी, टँकर, गावाचं भलं. पण मधलं वाक्य मी धरलं नव्हतं. माणूस माहीत होता. माझा बाप भांडणार नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून.

देशपांड्यांनी दुसरा प्रश्न हळू आवाजात वाचला. तो नियम त्या दिवशी कुठे होता?

अध्यक्षांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"तो नियम मी त्यानंतर केला."

आणि थांबले. मी पुढच्या वाक्याची वाट बघत होतो. ते माझी वाट बघत होते. मग तेच म्हणाले, "अध्यक्षमहाराज, विषय संपला की नाही, ते आपण सांगायचं असतं."

"पुढचा विषय," मी म्हटलं. सातवा विषय प्रसादाच्या स्वयंपाकाचा होता.

ते इतिवृत्त, दोन पानी, निळ्या पेनानं अध्यक्षांच्या स्वतःच्या हातचं, माझ्या दुकानाच्या खणात आहे. त्या सभेच्या शेवटी खुर्चीत मी होतो, म्हणून सही माझी हवी होती. सही नाही म्हणून पुढच्या सभेत ते कायम झालं नाही, आणि कायम झालं नाही म्हणजे मंडळाच्या दप्तरात विषय क्रमांक सहा झालाच नाही. देशपांडे अजून मधूनमधून विचारतात. मी म्हणतो, सापडत नाही.

गावी परत जायच्या तीन दिवस आधी ते कागद घेऊन स्वतः आले. दुपारची वेळ. निखिल गाडीतच बसून राहिला, इंजिन चालू ठेवून. सालेमनं उठून खुर्ची दिली, हे बसले नाहीत. काउंटरवर कागद माझ्याकडे वळवून ठेवले.

मी वाचलं. "कै. शंकर बाबाजी तारकर, परवानाधारक दुकानदार, बंदर नाका, यांचे दुकान पाडण्याच्या बाजूने तत्कालीन अध्यक्षांनी निर्णायक मत दिले. ते मत न्याय कोणाचा हे पाहून नव्हे, तर कोण भांडणार नाही हे पाहून दिले, असे त्यांनी सभेस सांगितले."

परवानाधारक दुकानदार. मी ते दोनदा वाचलं. मग खाली गेलो, शेवटपर्यंत, आणि परत वर आलो. 'चूक' हा शब्द कुठे नव्हता.

आता, पहिल्या भावाला हात मिळवायचा नाही, हे माझ्या अंगात भिनलेलं आहे. समोरचा स्वतः चालत आलाय, कागद घेऊन, उन्हातून. म्हणजे त्याला सही हवी आहे. म्हणजे अजून थोडं ओढायला जागा आहे.

"यात चूक असं कुठे आहे?" मी म्हटलं.

"सभेत जे बोललो ते लिहिलंय. न बोललेलं इतिवृत्तात जात नाही."

"मग आता बोला. मी घालतो."

"आता सभा नाही."

"तुमच्या हातात पेन आहे, माझ्यासमोर कागद आहे. एक शब्द. मग सही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मला ते तुम्ही आणि तारकर म्हणत आले होते. तेव्हा पहिल्यांदा गावच्या बोलीत बोलले, माझे वडील बोलायचे तसे.

"सुधाकरा, सही करतलंस की नाय?"

माझा हात पेनाकडे गेला होता. हे मी लिहून ठेवतो, कारण हे कोणी पाहिलेलं नाही. पण आवाज उतरला की गिऱ्हाईक मऊ झालं, हेही मला धंद्यानंच शिकवलेलं.

"तो शब्द घाला," मी म्हटलं. "मग बघू."

"ऐकलं," ते म्हणाले.

कागद त्यांनी काउंटरवरच ठेवले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर वायसरची डबी ठेवली, आणि निघाले. मी टेफ्लॉन टेपची रिळं मांडायला घेतली. बघायचं नसतं. बघितलं की भाव पडतो. उंबरा ओलांडल्याचा आवाज आला. मग पायरी. मग काही नाही, म्हणून मान वर केली.

ते दुकानासमोरच्या गटाराच्या झाकणापाशी उभे होते. काठी आपटून बघत होते. एकदा, दोनदा. झाकण हललं. त्यांनी माझ्या दारातली रंगाची रिकामी बादली काठीनं ओढली, वाकून झाकणावर ठेवली, कोणाचा पाय पडू नये म्हणून. गुडघ्यावर हात देऊन सरळ झाले. गाडीचं दार उघडलं.

सालेम अजून उभाच होता. त्यानं हिंदीत विचारलं, "रईस गया?"

"वापस आएगा," मी म्हटलं, आणि पेन काउंटरवर कागदाशेजारी, उघडंच, ठेवलं.